मिनिटाला ४५ शब्द

२०२१ साली लहान मुलांना वाचन-गणित यावं म्हणून केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान आलं आणि माझ्या कपाळी मिनिटाला ४५ ते ६० शब्द आले. दुसरीच्या पोरानं एवढे शब्द मिनिटाभरात वाचायचे, तेही अचूक आणि समजून. अचूक आणि समजून ही दोन्ही एका वेळी? माझ्या वर्गात त्यांचं आपसात पटत नाही.

आमची शाळा दोनशिक्षकी, पहिली-दुसरी माझ्याकडे. परवा शाळा तपासायला केंद्रप्रमुख साहेब येऊन खुर्चीत बसले. मी पहिलीला चित्र रंगवायला दिलं, मोबाइलमधलं घड्याळ लावलं आणि दुसरीतला त्यातल्या त्यात खणखणीत आवाजाचा गडी उभा केला. ओळ सोपी, 'रानात शेळी चरत होती.'

"रा... ना... त. रानात!" छान. मग 'शे' झालं, 'ळी' झालं, त्यानं वरच्या चित्राकडे नजर टाकली आणि ठणकावलं, "बकरी!"

आता याला चूक तरी कसं म्हणू? समजलंय तर पैकीच्या पैकी!

"अक्षरं बघून वाच रे."

"शेळीच हाय की बाई," सतरंजीच्या टोकावरून आवाज आला. "आमची राती व्यायली. दोन करडं!"

"तुझी कुठली? तुझ्या चुलत्याची हाय!"

"अर्धलीनं घेतलीया आम्ही!"

हाच 'अर्धलीनं' (म्हणजे निम्म्या वाट्यानं) पुस्तकात छापून आला असता, तर या पोरीनं त्या रफारापाशी पाच मिनिटं मुक्काम केला असता. बोलताना कुठे ठेच नाही. तेवढ्यात पहिलीही खडू टाकून खटल्यात उतरली. कोणाची शेळी किती दूध देते, कोणाच्या शेळीनं कोणाची वही खाल्ली (गृहपाठाचं एक जुनं कोडं मला तिथे सुटलं), सगळं बाहेर आलं. मोबाइल इमानदारीत मोजत होता.

मी भीतभीत साहेबांकडे पाहिलं. डायरी मिटलेली. थोडं पुढे वाकून त्यांनी विचारलं, "पाट का बोकड?" (पाट म्हणजे मादी करडू.)

"एक पाट, एक बोकड!" अख्खा वर्ग एका सुरात. कविता अशी एका सुरात कधी म्हटली नाही मेल्यांनी.

जाताना साहेब शेरा लिहून गेले, 'संभाषण उत्तम. वाचनाची गती वाढवावी.'

घंटा झाली. माझा वाचक पुस्तकात बोट तसंच धरून खिचडीच्या रांगेत उभा राहिला. ताट पुढे करताना त्याला एकदम जमलं.

"बाई, च... र... त. चरत!"