डगआउटकर यांना उत्तर: बाकावर बसायला काय जातं?

मागच्या आठवड्यात मी २०१४च्या डॉजर्सवर, म्हणजे लॉस एंजेलिसच्या बेसबॉल संघावर, लिहिलं होतं. आउटफिल्डच्या, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागातल्या, जागा तीन (लेफ्ट, सेंटर, राइट), हक्काचे दावेदार चार (केम्प, क्रॉफर्ड, ईथिअर, पुइग), शिवाय पाचवा दारात उभा. या भाऊगर्दीत मॅनेजर (बेसबॉलमधला मुख्य प्रशिक्षक) डॉन मॅटिंग्लीने आंद्रे ईथिअरला ज्या तऱ्हेने वापरलं ते मला पटलं नव्हतं, एवढाच त्या लेखाचा मुद्दा. त्यावर 'डगआउटकर' या टोपणनावाने आलेली ही प्रतिक्रिया, एक अक्षर न बदलता:

"काका, आधी क्रिकेटचा चष्मा काढा. सिडनीचे सामने मार्चमध्ये झाले, एप्रिलमध्ये नाही. वर्षाला दीड कोटी डॉलर घेऊन बाकावर बसायला कुणाचं काय जातं? केम्पला बसवलं म्हणूनच तो नंतर पेटला. संघ ९४ सामने जिंकला. पुइगला बसवणंही बरोबरच. संघ आकड्यांवर चालतो, कढ काढून नाही."

डगआउटकर, आपण वेळ काढून वाचलंत आणि लिहिलंत, आभारी आहे.

आधी माझी चूक. सिडनीचे दोन सामने, त्या मोसमातले डॉजर्सचे पहिले, २२ आणि २३ मार्चला झाले. मी एप्रिल लिहिलं. दुरुस्ती केली आहे. मोसम एप्रिलच्या तोंडावर सुरू होतो या सवयीने हात गेला. पण तो विषय काढलातच तर सांगतो, मी ते सामने पहाटे उठून, सॉरी, रात्री जागून पाहिले होते. सिडनी क्रिकेट ग्राउंडवर माती टाकून पिचरचा (चेंडू टाकणाऱ्याचा) उंचवटा केलेला, आणि त्या हिरवळीवर ॲरिझोनाविरुद्ध डॉजर्स. डोळ्यांना विचित्र वाटत होतं. आणि गंमत बघा, ज्या चौघांच्या गर्दीवरून वसंतभर चर्चा चालली होती, त्यांतले दोघेच तिथे होते. मॅट केम्प घोट्याच्या ऑपरेशनमधून सावरत होता, कार्ल क्रॉफर्ड बाळाच्या जन्मासाठी घरी थांबला होता. लेफ्ट फील्डला उभा होता पाचवा, स्कॉट व्हॅन स्लाइक, आणि पहिल्याच सामन्यात त्याने होमर (आपल्या षटकारासारखा) ठोकला. महिना चुकला माझा, सामना नाही.

आता 'काका'.

मी चोपन्न वर्षांचा आहे. शेजारच्या मुलांनी काका म्हटलं तर मला आनंदच होतो, ती आमच्याकडे चकल्या खातात. आपली माझी ओळख नाही. आपलं वय मला माहीत नाही, कदाचित आपणही कुणाचे काका असाल. वादाच्या पहिल्याच शब्दात समोरच्याला काका करून टाकणं म्हणजे काय असतं हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. त्याचा अर्थ "तुमचं झालं आता, बसा" असा होतो. म्हणजे, नीट बघितलंत तर, आपण मलाही बाकावरच बसवलंत.

चष्म्याचं म्हणाल तर तो क्रिकेटचा आहे, मान्य. पुण्यात वाढलो, दुसरा कुठला मिळणार? पण गेली पंचवीस वर्षं लॉस एंजेलिसजवळ राहतोय. ईथिअर आणि केम्प २००६ मध्ये काही आठवड्यांच्या अंतराने मोठ्या लीगमध्ये आले तेव्हापासून दोघांना पाहिलंय. त्या वर्षी आपण काय पाहत होतात ते मी विचारत नाही.

आता आपल्या त्या वाक्याकडे येतो. "दीड कोटी डॉलर घेऊन बाकावर बसायला कुणाचं काय जातं?" हे वाक्य मी चार वेळा वाचलं. रात्री झोपताना आठवलं. सकाळी चहा घेताना पुन्हा.

पैशाचा हिशेब आधी करू, कारण आपल्याला आकडे आवडतात. केम्पचा करार १६ कोटी डॉलरचा, आठ वर्षांचा. क्रॉफर्डचा १४ कोटी २० लाखांचा, तो बॉस्टनने केलेला आणि ऑगस्ट २०१२च्या त्या अवाढव्य सौद्यात डॉजर्सच्या गळ्यात आलेला. ईथिअरचा साडेआठ कोटींचा. यासिएल पुइगचा ४ कोटी २० लाखांचा. बेरीज जवळजवळ ४३ कोटी. ही रक्कम मोजली क्लबने. एका जागेसाठी दोन माणसं विकत घेतली क्लबने. आणि मग जो बसतो त्यालाच विचारायचं, की पैसे मिळतात ना, मग कुरकुर कसली? अरे बाबा, पैसे खेळायचे दिले होते. बसायचे असते तर कितीतरी स्वस्तात माणसं मिळाली असती.

बसणं म्हणजे काय, ते मी सांगतो. मी बसलोय.

१९८९. पुण्यातला एक क्लब, नाव घेत नाही, त्यातली काही मंडळी अजून भेटतात. दोन मोसम मी तिथे बारावा गडी होतो. दर रविवारी सायकलच्या कॅरिअरला किट बांधून जायचं, आईने पहाटे उठून केलेला डबा हँडलला. खेळणार की नाही हे टॉस झाल्यावर कळायचं. कप्तान यादी खिशातून काढायचा, वाचायचा, आणि माझ्याकडे न बघता म्हणायचा, "तू पाण्याचं बघ." नाही खेळवत याचं दुःख नव्हतं हो. माझ्यापेक्षा चांगले होते अकराजण, निदान नऊ तरी. पण शुक्रवारी सांगितलं असतं तर मी शनिवारी नेटमध्ये वेगळा सराव केला असता. आईला तरी झोपू दिलं असतं. सहा दिवस मनाने फलंदाजी करायची आणि सातव्या दिवशी ग्लुकोजचा डबा धरायचा, यात माणूस हळूहळू बोथट होतो. एकदा कुणाला तरी चक्कर आली म्हणून तिसऱ्या तासाला मला मिडऑफला पाठवलं. चौथ्या चेंडूला कॅच आला. सुटला. अजून तळहात झोंबतो.

त्यामुळे मला बाकाबद्दल शिकवू नका.

आणि दुसऱ्या बाजूनेही मी पाहिलंय. माझ्या मुलाच्या लिटल लीगच्या (मुलांच्या बेसबॉलच्या) संघाचा मी तीन वर्षं कोच होतो. मुलं बारा, जागा नऊ. तिथे नियमच आहे, की प्रत्येक मुलाने निदान सहा आउट होईपर्यंत मैदानात उभं राहायचं आणि एकदा तरी बॅटिंग करायची. आपल्या गल्लीतल्या कच्च्या लिंबूची ही अमेरिकन आवृत्ती, फक्त लेखी. पहिल्या वर्षी मी नियमापुरतंच करायचो. एका शांत, डावखुऱ्या मुलाला मी सलग तीन शनिवार शेवटच्या दोन इनिंग राइट फील्डला उभं केलं. नियम पाळला होता, कुणी बोट दाखवू शकलं नसतं. चौथ्या शनिवारी तो आला नाही. पोट दुखतंय, असा त्याच्या आईचा निरोप. पाचव्यालाही पोट. मी त्याला काही सांगितलं नव्हतं, त्यानेही मला काही विचारलं नव्हतं. त्यानंतर मी दर गुरुवारी रात्री तक्ता करून सगळ्या घरी पाठवायला लागलो: कोण कुठे, किती इनिंग, पुढच्या शनिवारी कोण बसणार. तक्रारी थांबल्या नाहीत. पण पोटं दुखायची थांबली.

नऊ वर्षांची पोरं आणि लक्षाधीश खेळाडू यांची तुलना करतोय, असं आपण म्हणणार. म्हणा.

गणित तेच आहे. तीन जागा गुणिले १६२ सामने म्हणजे पहिल्यापासून खेळायच्या ४८६ संधी. चौघांत सारख्या वाटल्या तर प्रत्येकी १२१-१२२. तशा वाटाव्यात असं मी कधीच म्हटलेलं नाही. ईथिअर आणि क्रॉफर्ड दोघे डावखुरे, केम्प, पुइग आणि व्हॅन स्लाइक उजवे. डावखुरा पिचर असेल त्या दिवशी ईथिअरने बसावं, हे शेंबडं पोरही सांगेल. लेफ्टी पिचरसमोर तो आयुष्यभर चाचपडलाच. माझा मुद्दा एवढाच होता, की मग तसं ठरवून टाका आणि त्याला सांगा. अमुक पिचर तुझे, तमुक त्याचे. तसं झालं नाही. तो कधी सेंटरला, कधी कोपऱ्यात, आणि बरेचदा अडीच तास बसून राहिल्यावर आठव्या इनिंगला हेल्मेट घालून एकदम ताशी ९५ मैलांच्या चेंडूसमोर. तेव्हा डॉजर्सच्या नॅशनल लीगमध्ये डेझिग्नेटेड हिटर (पिचरऐवजी फक्त बॅटिंग करणारा) नव्हता, ती सोय कायमची २०२२ मध्ये आली. म्हणजे जादा आउटफिल्डरला लपवायला दुसरी जागाच नाही, पिचरच्या ऐवजी एकदा बॅट फिरवणं एवढंच त्याच्या वाट्याला.

आता आकडे, आपलेच लाडके. २०१३ मध्ये ईथिअर १४२ सामने खेळला, सरासरी (बेसबॉलमधली, म्हणजे हिट भागिले बॅटिंगच्या संधी) ०.२७२, होमर १२. २०१४ मध्ये १३० सामने, ०.२४९, होमर ४. सामने फारसे घटलेले दिसत नाहीत ना? पण त्यांतल्या कितीतरी सामन्यांत तो जेमतेम एकदा बॅट घेऊन गेला. २०१५ मध्ये केम्प गेलेला, क्रॉफर्ड बराच काळ जखमी, आणि ईथिअरला बहुतेक रोज खेळायचं माहीत: ०.२९४, होमर १४. माणूस तोच, वय एक वर्षाने जास्त. २०१४चे आकडे दाखवून "तो संपला होता" म्हणणारे २०१५ बद्दल बोलत नाहीत.

केम्पबद्दल आपण जे लिहिलंत त्यात थोडं तथ्य असेल. मेच्या अखेरीस मॅटिंग्लीने त्याला काही दिवस बसवलं, कारण सेंटर फील्डला त्याचा घोटा साथ देत नव्हता, हे खरं. पण तो लाइनअपमध्ये परतला कसा? क्रॉफर्डचा घोटा मुरगळला म्हणून लेफ्ट फील्ड रिकामं झालं! याला नियोजन म्हणायचं असेल तर पाऊस पडल्यावर छत्री मिळाली यालाही म्हणा. जादा आउटफिल्डरांचा प्रश्न बहुतेक संघांत असाच सुटतो, कुणीतरी लंगडतो आणि मॅनेजर शहाणा ठरतो. केम्प पुढे पेटला, २५ होमर मारले, आणि डिसेंबरात सॅन डिएगोला रवाना झाला. वर ३ कोटी २० लाख डॉलर क्लबने सोबत दिले. बदल्यात यास्मानी ग्रँडाल हा कॅचर आणि दोन पिचर. बरोबर निर्णय होता, मला विचाराल तर. हे मी लेखातही म्हटलं होतं, पण आपण तिथवर पोचला नसाल.

९४ विजयांवर काय बोलू? क्लेटन कर्शॉसारखा पिचर ज्या वर्षी २१ सामने जिंकतो आणि एमव्हीपी (लीगमधला सर्वांत मोलाचा खेळाडू) होतो, त्या वर्षी लेफ्ट फील्डला माझा शेजारी उभा केला असता तरी संघ पुष्कळ जिंकला असता.

राहिला पुइग. मोसमाअखेरच्या बाद फेरीत सेंट लुईसविरुद्ध पहिल्या तीन सामन्यांत आठ वेळा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) झाला, म्हणून ७ ऑक्टोबरला, हरलो तर घरी अशा चौथ्या सामन्यात, मॅटिंग्लीने त्याला बसवून सेंटरला कुणाला घातलं? ईथिअरला. महिनोन् महिने ज्याला तुकड्यातुकड्याने खेळवलं त्याला, त्या दिवशी. सहाव्या इनिंगला तो तिसऱ्या बेसवरून जरा पुढे सरकला आणि परत येईपर्यंत आउट. सातव्यात सेंट लुईसच्या मॅट ॲडम्सचा तीन धावांचा होमर, ३-२, मोसम खलास. पुइग नवव्यात धावायला म्हणून आला. मला ईथिअर तिसऱ्या बेसवर मागे वळून बघतानाचा क्षण दिसला, आणि त्याच वेळी मिडऑफ दिसलं. हे आपल्या भाषेत कढ काढणं असेल तर असू दे.

आपली बाकीची वाक्यं मी सोडून देतो. "संघ आकड्यांवर चालतो" हे वाक्य आता चहाच्या टपरीवरही ऐकू येतं.

एक शेवटचं, कारण आपण २०१७चा उल्लेख टाळलात. १ नोव्हेंबर, वर्ल्ड सिरीजचा (अंतिम फेरीचा) सातवा सामना, घरच्याच मैदानावर. ईथिअर पाठीच्या दुखण्याने जवळजवळ सगळं वर्ष बाहेर होता. सहाव्या इनिंगला त्याला पिचरच्या जागी पाठवलं. एक सिंगल (एका बेसचा फटका), आणि जॉक पीडरसन घरी. त्या रात्री डॉजर्सची तेवढी एकच धाव झाली, ह्यूस्टन ५-१ने जिंकलं. ईथिअर पुन्हा कधी मोठ्या लीगमध्ये खेळला नाही. माझ्या बायकोला बेसबॉलमधलं काही कळत नाही, पण तिने मला विचारलं, की हरताहेत आणि तुम्ही टाळ्या काय वाजवताय?

प्रतिक्रिया उडवलेली नाही, खाली आहे तशी ठेवली आहे. पुढच्या वेळी लिहाल तेव्हा नावाने हाक मारा. नाव ब्लॉगच्या माथ्यावर मोठ्या अक्षरात आहे.