फॉर्मवर ‘नाही’ लिहा म्हणे!

गेल्या सोमवारी धाकट्या दिरांचा फोन आला. “वहिनी, ऑफिसच्या मेडिक्लेममध्ये नावं घालायची-काढायची विंडो शुक्रवारी बंद होतेय. आई-बाबांना त्यातून काढतोय. बाहेरून सगळ्यांची मिळून एकच मोठी पॉलिसी घेतो. बाबांच्या शुगरचं काही लिहीत नाही. घरच्या ग्रुपवर आलंय बघा, सगळं नीट समजावून दिलंय.”

ग्रुपवर आलेलं ते लांबलचक प्रकरण मी दोन दिवस न उघडताच ठेवलं होतं. आता उघडलं. ‘मुदत संपण्याआधी वाचा, एजंट हे कधीच सांगणार नाही’ असं शीर्षक आणि खाली ‘एक निवृत्त विमा अधिकारी’. नाव नाही, गाव नाही, कुठल्या कंपनीतून निवृत्त झाले तेही नाही. वर ‘बऱ्याच वेळा फॉरवर्ड केलेला’ असा शिक्का. एकूण सहा सल्ले: सगळ्या कुटुंबाचा एकच फ्लोटर (सगळ्यांनी मिळून एकच रक्कम वापरायची पॉलिसी) घ्या, जीएसटी गेला, आता ऑफिसच्या पॉलिसीत आई-वडिलांना ठेवू नका, खोलीच्या भाड्याची अट बघू नका, स्वस्त पॉलिसी घ्या, आजार लिहू नका, हप्ता शेवटच्या दिवशी किंवा नंतर भरला तरी चालतो, आणि ज्येष्ठांना सरकार पाच लाख देतंच, त्यांच्यावर पैसे घालवू नका.

मी एजंट नाही. एका खासगी रुग्णालयाच्या कॅशलेस काउंटरवर नऊ वर्षं बसले आहे. हे सहाही सल्ले पाळून आलेली माणसं मी काचेच्या पलीकडे उभी पाहिली आहेत, म्हणून हे लिहिते आहे.

चौथा सल्ला आधी घेते. बाकीच्यांनी पैसे जातात, याने घर बुडतं. शब्द असे आहेत: “बीपी, शुगर काहीही लिहू नका. कंपनीला कळायला मार्ग नाही, आणि तीन वर्षं झाली की कायद्याने क्लेम नाकारता येत नाही.”

कळायला मार्ग नाही? अहो, पेशंट स्वतः सांगतो! रात्री दोन वाजता छातीत दुखतंय म्हणून माणूस येतो. ड्युटीवरचे डॉक्टर पहिल्या पाच मिनिटांत विचारतात, काही जुनं दुखणं? गोळ्या कुठल्या? तेव्हा कुणाला विमा आठवत नाही. मुलगा घरून आणलेली गोळ्यांची पिशवी टेबलावर रिकामी करतो, आई म्हणते, “शुगर आहे हो त्यांना, दहा-अकरा वर्षं झाली.” डॉक्टर केसपेपरवर लिहितात, ‘के/सी/ओ डीएम, ११ वर्षं’, म्हणजे मधुमेहाचा जुना रुग्ण. झालं. तोच कागद सकाळी माझ्याकडे येतो आणि प्री-ऑथबरोबर (कॅशलेसच्या पूर्वमंजुरीचा अर्ज) टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेकडे जातो. प्री-ऑथच्या फॉर्ममध्येच उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी भरायचा भाग असतो, त्यात मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांच्यापुढे ‘कधीपासून’ असा रकाना छापलेला आहे. दुपारपर्यंत क्वेरी येते: मधुमेहाचं निदान प्रथम कधी झालं, पहिल्या सल्ल्याचे कागद पाठवा.

मग नातेवाईक काउंटरवर वाकून हळूच म्हणतात, “मॅडम, तेवढं अकरा वर्षं खोडून एक वर्ष करता येईल का?” नाही येत. तो कागद विम्यासाठी लिहिलेला नसतो. भूल देणाऱ्या डॉक्टरांना, इन्सुलिन ठरवणाऱ्यांना तो लागतो. आणि समजा कुणी डॉक्टरांशीही खोटं बोललं, तर एचबीए१सी नावाची साधी रक्ततपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची साखर सांगून मोकळी होते.

आता ते ‘तीन वर्षं’. हे आलं कुठून ते मला माहीत आहे. विमा कायदा १९३८ च्या कलम ४५ मध्ये तीन वर्षांनंतर पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही असं आहेच. पण ते कलम जीवन विम्याचं आहे! निवृत्त अधिकाऱ्यांनी एका खिडकीचा नियम दुसऱ्या खिडकीवर नेऊन चिकटवलाय. आरोग्य विम्यासाठी वेगळा नियम आहे, त्याला मोरॅटोरियम म्हणतात. पूर्वी तो आठ वर्षांचा होता. १ एप्रिल २०२४ पासून विमा नियामक आयआरडीएआयने तो सलग ६० महिने केला. म्हणजे पाच वर्षं खंड न पडता पॉलिसी चालली, की ‘तुम्ही हे लपवलं होतं’ म्हणून कंपनीला क्लेम अडवता येत नाही. त्यातही अपवाद आहे: फसवणूक सिद्ध झाली तर अडवता येतो. मध्येच विम्याची रक्कम वाढवली असेल, तर वाढीव रकमेची पाच वर्षं वाढवल्या दिवसापासून मोजतात.

याच २०२४ च्या नियमांत आणखी एक आकडा आहे, तो मेसेजवाल्यांनी वाचलेला दिसत नाही. आधीपासूनच्या आजारासाठी जास्तीत जास्त थांबण्याचा काळ ४८ वरून ३६ महिन्यांवर आला. दिरांना मी हाच हिशोब घातला. “भाऊजी, खरं लिहिलंत तर तीन वर्षांनी बाबांच्या शुगरचे सगळे घोळ पॉलिसीत बसतात, कायद्याने, ताठ मानेने. लपवलंत तर पाच वर्षं दर वेळी बाबा ॲडमिट झाले की तुमच्या पोटात गोळा. खोटं बोलून दोन वर्षं जास्त थांबायचं, यात हुशारी कसली?” पलीकडे शांतता.

न्यायालयाचंही सांगते, कारण ‘ग्राहक कोर्टात जाऊ, मिळतील पैसे’ हे पुढचं वाक्य मला पाठ आहे. २००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे अगदी हेच प्रकरण आलं होतं. मेडिक्लेम घेताना माणसाने मधुमेह आणि मूत्रपिंडाचा विकार सांगितला नव्हता, पुढे त्याच्या पश्चात घरच्यांनी क्लेम मागितला. न्यायालयाने कंपनीचा नकार योग्य ठरवला: विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर देणं ग्राहकाचं कर्तव्य, आणि असा आजार ही महत्त्वाचीच माहिती. याच्या शेजारी २०२१ चा निकाल ठेवा. अमेरिकेला निघालेल्या एका गृहस्थांनी प्रवासी मेडिक्लेम घेताना मधुमेह असल्याचं स्पष्ट सांगितलं होतं. तिकडे हृदयविकाराचा झटका आला, आणि कंपनीने ‘कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांचं सांगितलं नाही’ म्हणून हात वर केले. सर्वोच्च न्यायालयाने कंपनीलाच चूक ठरवलं. मधुमेह दोघांनाही होता. एकाने सांगितला होता, एकाने नाही.

एक गोष्ट नाइलाजाने कबूल करते. खरं लिहिलं की हप्ता वाढतो, कधी कधी तर कंपनी प्रस्तावच परत करते. आणि शुगर लिहिलेली असली तरी काही कंपन्या प्रत्येक दुखण्याची शेपटी शुगरला बांधायला बघतात, हे मी रोज पाहते. मेसेज लिहिणाऱ्याच्या रागात तेवढं तथ्य आहे. पण त्यावरचा उपाय लपवणं नाही. क्लेम नाकारायचा असेल तर कंपनीच्या आढावा समितीची मंजुरी लागते, कारण लेखी द्यावं लागतं. ते पटलं नाही तर आधी कंपनीकडे तक्रार, आणि तिथेही दाद लागली नाही तर एका वर्षाच्या आत विमा लोकपाल, म्हणजे अशा तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी. आपल्याकडे मुंबईत आहेत, पुण्यातही आहेत. ५० लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात, फी नाही, वकील नाही. मात्र लोकपालांसमोर पहिला कागद उघडतो तो तुमचा प्रस्तावाचा फॉर्म. त्यावर तुमच्याच सहीने ‘नाही’ असेल तर तुम्ही काय बोलणार?

आता जीएसटीचा मुद्दा. हा मेसेजमधला सगळ्यात चतुर भाग, कारण अर्धा खरा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला, त्यात फॅमिली फ्लोटरही आले. ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीवर तो अजून आहे. म्हणून आई-वडिलांना ग्रुपमधून काढायचं? माझे सासरे ६७ वर्षांचे, त्यांना शुगर; सासूबाईंचा मोतीबिंदू यंदा काढायचाय. दिरांच्या ग्रुप पॉलिसीत जुने आजार पहिल्या दिवसापासून धरलेले आहेत, तपासणी नाही, थांबणं नाही. बाहेरच्या नव्या पॉलिसीत शुगरला तीन वर्षांपर्यंत, मोतीबिंदू, हर्निया, गुडघे यांना बहुतेक ठिकाणी दोन वर्षं थांबावं लागतं, आणि पहिले ३० दिवस अपघात सोडून काहीच नाही. कर वाचवायला छप्पर काढायचं, असला हा सल्ला. शिवाय ऑफिसची विंडो एकदा बंद झाली की वर्षभर फक्त नवी सून किंवा नवं बाळ आत येतं, आई-वडील नाही.

दुसरी बाजूही आहे. ऑफिसची पॉलिसी नोकरीबरोबर जाते. त्यामुळे बाहेरची पॉलिसी घ्यायलाच हवी, आणि बाबांच्या बाबतीत जितकी लवकर तितकं बरं, कारण त्या तीन वर्षांचं घड्याळ पॉलिसी घेतल्यावरच सुरू होतं. दिरांना म्हटलं, दोन्ही ठेवा. परवडत नसेल तर बाहेरची मोठ्या डिडक्टिबलची सुपर टॉप-अप घ्या, म्हणजे वर्षाचा खर्च एका ठरावीक रकमेवर (तीच डिडक्टिबल) गेला की त्यावरचं देणारी पॉलिसी. तिचा हप्ता खूप कमी असतो. पण खालची ऑफिसची गेली, तर डिडक्टिबलएवढे पैसे खिशातून घालायची तयारी ठेवा.

सहा जणांचा एकच फ्लोटर? फ्लोटरचा हप्ता घरातल्या सगळ्यात मोठ्या वयावर ठरतो. म्हणजे पाच वर्षांच्या पुतणीचा विमा ६७ वर्षांच्या माणसाच्या दराने. बाबा एकदा आयसीयूत गेले की रक्कम संपली, मग डिसेंबरात पोराला डेंग्यू झाला तर ‘रिस्टोरेशन (संपलेली रक्कम पुन्हा भरून मिळणं) आहे का, त्याच्या अटी काय’ हे शोधत बसा. वर चौथा सल्ला पाळला असेल, तर लपवलेल्या एका आजारापायी पॉलिसीच रद्द होऊ शकते, सहाही जणांची. नवरा-बायको-मुलांचा फ्लोटर वेगळा, आई-वडिलांचा वेगळा. याला विमा अधिकारी लागत नाही.

खोलीच्या भाड्याबद्दल मात्र थांबून सांगते, कारण इथे लोक काउंटरवर अक्षरशः रडतात. तीन लाखांची पॉलिसी, खोलीला दिवसाला एक टक्का, म्हणजे ३,०००. रुग्णालयात तेवढ्यात बसणारी खोली रिकामी नव्हती म्हणून घेतली ६,००० ची. लोकांना वाटतं, वरचे तीन हजार आपण भरू, काय मोठंसं! पण खोली दुप्पट म्हणजे सर्जनची फी, ऑपरेशन थिएटरचं भाडं, नर्सिंग असं खोलीच्या दर्जाप्रमाणे बदलणारं सगळं अर्धंच मिळतं. समजा अशा खर्चाचे एक लाख झाले, तर पन्नास हजार तुमचे. औषधं, इम्प्लांट, तपासण्या यांना ही कात्री लावता येत नाही, हा २०२० पासूनचा नियम आहे. बिलात ती लावलेली दिसली तर जरूर भांडा. आणि पॉलिसी निवडताना बाकी काही वाचलं नाही तरी ‘रूम रेंट’ची ओळ वाचा.

पाचवा सल्ला: “३० दिवस सवलत असतेच.” असते. त्या ३० दिवसांत वर्षाचा हप्ता भरला तर जुनी वर्षं फुकट जात नाहीत, हे बरोबर. पण ज्या दिवसांचा हप्ता भरलेला नव्हता, त्या दिवसांत ॲडमिट झालात तर क्लेम नाही. मुदत संपून चार दिवस झालेले आणि पाचव्या दिवशी अपेंडिक्स, असं मी पाहिलंय. कंपनी बदलायची असेल तर मुदत संपण्याच्या ४५ दिवस आधी पोर्टचा, म्हणजे जुनी वर्षं धरून दुसऱ्या कंपनीत जायचा, अर्ज टाकायचा असतो. शेवटच्या दिवशी जागे झालात तर त्यासाठी पुढचं वर्ष.

आणि सरकारी पाच लाख. ७० पूर्ण झालेल्या प्रत्येकाला उत्पन्न न बघता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, ऑक्टोबर २०२४ पासून, ते जरूर काढा. माझे सासरे ६७ चे आहेत, मेसेज काही म्हणो. राज्याची महात्मा जोतिराव फुले योजनाही आहे, पाच लाखांपर्यंत. पण दोन्हीकडे रुग्णालय योजनेत असावं लागतं, आजार त्यांच्या यादीत असावा लागतो, आणि काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. आमच्या काउंटरवर कार्ड पुढे करणाऱ्यांना मला रोज सांगावं लागतं की आमचं रुग्णालय यादीत नाही.

मेसेजच्या तळाला ‘८०डी मध्ये ५० हजार कर वाचतो’ असंही आहे; ८०डी म्हणजे आरोग्य विम्याच्या हप्त्यावर सवलत देणारं आयकराचं कलम. ज्येष्ठ आई-वडिलांच्या हप्त्याचे ५० हजारांपर्यंत उत्पन्नातून वजा होतात, करातून नाही, आणि तेही जुनी करप्रणाली निवडली तरच. दिरांनी नवी निवडली आहे.

गुरुवारी रात्री ते लॅपटॉप घेऊन आमच्याकडे आले. ऑफिसच्या पोर्टलवर आई-बाबांची नावं परत घातली, मग बाहेरच्या पॉलिसीचा फॉर्म उघडला. मधुमेह: होय. कधीपासून? दिरांनी २०१४ टाकलं. कोचावरून बाबांचा आवाज आला, “चौदा नाही रे, तेरा. दिवाळीच्या आधी. आणि बीपीची गोळीपण लिही, ती विसरलास.”