दुकान कोल्हापुरात, गिऱ्हाईक टेक्सासात: कर लागतोच

“अमेरिकेत ऑनलाइन खरेदीवर राज्यांना सेल्स टॅक्स (विक्रीकर) घेता येत नाही. सुप्रीम कोर्टाची मनाई आहे, काँग्रेसनं (तिथल्या संसदेनं) इंटरनेट करमुक्त केलंय, आणि भारतातून माल पाठवणाऱ्याला तर कुणी हातच लावू शकत नाही.” हा मजकूर पुनःपुन्हा फिरतो. त्यावर विसंबणाऱ्याचं खरंच नुकसान होतं, म्हणून एकेक मुद्दा पाहू.

कोर्टाची मनाई होती, पण ती अर्धवट सांगितली जाते. १९९२च्या क्विल खटल्यातल्या निकालानुसार राज्यात ज्याचं ऑफिस, गोदाम किंवा माणूस नाही, अशा विक्रेत्यावर करवसुलीची सक्ती करता येत नव्हती. कर माफ नव्हताच. तो ‘यूज टॅक्स’ म्हणून गिऱ्हाइकानं स्वतः भरायचा होता. भरत फार थोडे. २१ जून २०१८ला साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर खटल्यात कोर्टानं ५ विरुद्ध ४ मतांनी क्विल मोडीत काढला. आता विक्रेता बसतो कुठे यापेक्षा त्या राज्यात विकतो किती, हे पाहिलं जातं. सेल्स टॅक्स असलेल्या सर्व ४५ राज्यांत असे नियम आहेत; सर्वांत शेवटी, १ जानेवारी २०२३ला, मिसुरीत आले.

१९९८च्या कायद्यानं इंटरनेटच्या जोडणीवर कर लावायला आणि ऑनलाइन व्यवहाराला दुहेरी किंवा भेदभावाचा कर लावायला बंदी घातली. दुकानातल्या सदऱ्याला लागणारा करच ऑनलाइन सदऱ्याला लावायला त्यात बंदी नाही.

भारतातल्या विक्रेत्याचा मुद्दा सर्वांत धोक्याचा. भारत-अमेरिका कर-करार आयकराबद्दल आहे, राज्यांच्या सेल्स टॅक्सबद्दल नाही. बऱ्याच राज्यांत वर्षाला १ लाख डॉलरची विक्री ही मर्यादा आहे; ती ओलांडली की कर गोळा करावा लागतो. कॅलिफोर्निया आणि टेक्सासात ५ लाख. न्यूयॉर्कमध्ये ५ लाख आणि शिवाय १०० हून जास्त व्यवहार. ॲमेझॉन किंवा एट्सीसारख्या ऑनलाइन बाजारावरच्या विक्रीचा कर ती कंपनीच गिऱ्हाइकाकडून घेऊन भरते. स्वतःच्या वेबसाइटवरची विक्री मात्र तुमच्याच डोक्यावर. माल तिथल्या गोदामात ठेवला असेल, तर बहुतेक राज्यांत ती प्रत्यक्ष उपस्थिती ठरते आणि मर्यादेचा आडोसा उरत नाही.

म्हणून दर महिन्याला राज्यवार विक्रीची बेरीज मांडा. मर्यादा ओलांडली की आधी परमिट (कर गोळा करायचा त्या राज्याचा परवाना), मगच बिलात कर. परमिटशिवाय कर घेणं बेकायदा, आणि घेतलेला पैसा राज्याचाच. कर घ्यायचा राहिला, तर तो व्याज-दंडासकट तुमच्या खिशातून जातो. दर सहसा पार्सल पोचतं त्या पूर्ण पत्त्यावरून ठरवा. एकाच झिप कोडमध्ये (तिथला पिन कोड) दोन वेगळे दर असू शकतात. वस्तूही तपासा: न्यू जर्सीत कपडे आणि चपलांना कर नाही, दागिन्यांना ६.६२५ टक्के आहे. परमिट घेतल्यावर विक्री शून्य असली तरी रिटर्न बहुतेक ठिकाणी भरावंच लागतं. नेमकं हेच राहून जातं आणि नोटीस येते.

त्या मजकुरातलं खरं एवढंच: ओरेगन, मोंटाना, न्यू हॅम्पशर आणि डेलावेअरमध्ये सेल्स टॅक्स नाही. अलास्कात राज्याचा नाही, पण अनेक गावांचा आहे, आणि तो बाहेरच्या विक्रेत्यांकडूनही घेतला जातो.