पप्पा माझ्याशी कमी बोलायचे, देवाशी माझ्याबद्दल बोलायचे

काल जूनचा तिसरा रविवार, म्हणजे फादर्स डे. चर्चमध्ये उपासना संपल्यावर संडे स्कूलच्या लेकरांनी सगळ्या बापांना पुढं बोलावून एकेक पेन दिला, पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, टाळ्या झाल्या. मी पण घेतला. तो पेन अजून शर्टाच्या खिशात आहे आणि कालपासून मनात जे चाललंय ते लिहायचंय. पोस्ट मोठी होईल, सवडीनं वाचा.

सरळ सांगतो. मागच्या वर्षी मी माझ्या मुलाशी जवळजवळ तीन महिने बोललो नाही. एकाच घरात राहून. त्याने डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडला, आम्हाला न सांगता, आणि इथं सोलापुरात नवी पेठेत मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानात बसायला लागला, आणि हे मला कळलं ते बाहेरच्या माणसाकडून. मला फी गेली त्याचं एवढं वाटलं नाही जेवढं लपवल्याचं लागलं. मी ओरडलो नाही, हात उचलला नाही, फक्त बोलणं बंद केलं. आणि खरं सांगायचं तर त्यावेळी मला वाटत होतं की मी खूप संयमाने वागतोय.

आपल्या सोलापुरात पाणी काही दिवसाआड येतं हे सगळ्यांना माहितीय, पाण्याचा दिवस म्हणजे घरातल्या सगळ्यांना कामाला लागावं लागतं. तो बॅरल भरायचा, मी वर टाकीचं बघायचो, आणि "मोटर बंद कर" हे सुद्धा मी त्याच्या आईला सांगायचो आणि ती त्याला. जेवणाचं तसंच. "तो जेवला का?" हे तिलाच विचारायचं.

आणि याच तीन महिन्यात एकही शनिवार मी चुकवला नाही. आमच्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, चार-पाच कुटुंबं मिळून दर शनिवारी सिव्हिल हॉस्पिटलला पेशंटच्या नातेवाईकांसाठी जेवण नेतो, भाकरी, डाळ, शेंगाची चटणी, भात. धाराशिवकडून, विजापूर, गुलबर्ग्याकडून माणसं येतात, पेशंटच्या जेवणाचं काही तरी होतं पण सोबत आलेला माणूस व्हरांड्यात चादर टाकून उपाशी बसलेला असतो. ही सेवा माझ्या मनापासूनची आहे, अजून आहे. पण एका शनिवारी मी डबे भरत होतो तर ही म्हणाली, "काय ओ, तिथं ओळख ना पाळख त्या माणसाला दादा जेवलास का म्हणून विचारता, आणि आपलं लेकरू जेवलं का ते मला विचारता."

मी काहीच बोललो नाही. डबे घेऊन गेलो. पण त्या दिवशी कोणाला "जेवलास का" विचारायला माझं तोंड उघडलं नाही, नुसतं वाढत गेलो.

बायबलमध्ये प्रेषित पौलाने आपल्या शिष्याला, तीमथ्याला, लिहिलंय की जो आपल्या घरच्यांची तरतूद करत नाही त्याने विश्वास नाकारला आहे. हे वचन आम्ही बाप लोक फार अभिमानाने म्हणतो कारण तरतूद म्हटलं की आम्हाला फी, किराणा, गाडीचा हप्ता एवढंच डोळ्यासमोर येतं. आणि ते आम्ही करतो, रक्त आटवून करतो, यात काही खोटं नाही. पण इफिसकरांच्या पत्रात बापांसाठी जी थेट आज्ञा आहे ती पैशाची नाहीच. "बापांनो, तुम्ही आपल्या मुलांना चिरडीस आणू नका." आणि कलस्सैकरांना लिहिताना त्याचं कारण पण दिलंय, की ती खिन्न होतील. मी इतकी वर्षं हे वचन मारणाऱ्या, शिव्या देणाऱ्या, दारू पिऊन येणाऱ्या बापांसाठी आहे असं समजत होतो. न बोलण्याने पण लेकरू चिरडीस येतं हे मला माझ्याच घरात दिसलं. पोरगं खिन्न झालं होतं, दुसरा शब्द नाही त्याला.

तेव्हा मी बायबलमधलं २ शमुवेल हे पुस्तक वाचत होतो. दावीद राजाचा मुलगा अबशालोम, त्याची गोष्ट आपल्याला केस झाडात अडकले आणि मेला एवढीच संडे स्कूलमधली आठवते. मधला १४वा अध्याय कोणी सांगत नाही. अबशालोम भावाला मारून पळतो, तीन वर्षं गशूरात राहतो, दावीदाचा जीव इकडे त्याच्यासाठी झुरतो, मग सेनापती यवाबाच्या मध्यस्थीने पोराला परत आणतात. आणि दावीद काय सांगतो? त्याने आपल्या घरी जावं, माझं तोंड पाहू नये. पुढं दोन वर्षं पोरगं यरुशलेमेतच आहे आणि बापाचं दर्शन नाही. शेवटी यवाब पण बोलावून येईना तेव्हा अबशालोम त्याचं जवाचं शेत पेटवून देतो, का तर कोणीतरी येऊन बोलावं म्हणून. मग बाप बोलावतो, मुका घेतो, पण तोपर्यंत आत काहीतरी तुटून गेलेलं असतं, पुढच्याच अध्यायात बंड. आणि शेवटी वेशीवरच्या खोलीत तोच दावीद रडतोय, माझ्या पुत्रा, तुझ्याबदली मी मेलो असतो तर बरं झालं असतं म्हणून. एवढं प्रेम होतं की ओ त्याच्या आत. त्या दोन वर्षात ते कुठं होतं?

आमच्यातले जुने लोक लगेच मरियेचा नवरा योसेफ याचं उदाहरण देतात. बापाने कमी बोलावं, योसेफ बघा, शुभवर्तमानात त्याच्या तोंडी एक शब्द नाही. खरंय, एकही शब्द लिहिलेला नाही. पण मत्तय म्हणतो की लोक येशूला सुताराचा मुलगा म्हणायचे आणि मार्क म्हणतो की लोक येशूलाच सुतार म्हणायचे. म्हणजे धंदा बापाकडून पोराकडे गेला. आता तुम्ही मला सांगा, लाकडाचे तंतू कुठल्या बाजूला आहेत, करवत कशी धरायची, बोटं कुठं ठेवायची नाहीत, हे न बोलता शिकवता येतं का? त्या नासरेथच्या घरात किती बोलणं झालं असेल. लिहून ठेवलं नाही एवढंच.

माझे पप्पा रेल्वेत गँगमन होते, रूळ बघणारे. कमी बोलणारे. मे महिन्यात आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहितीय, त्या उन्हात ते दुपारी लाइन बघत चालायचे, खांद्यावर हातोडा, हातात झेंडी. माझ्याशी ते सलग असे बोललेत ते मला एकदाच आठवतं, मी पाचवी-सहावीत असताना त्यांचा डबा घेऊन गेलो होतो तेव्हा. रुळाच्या जोडावर बसून त्यांनी मला दाखवलं की दोन रुळांच्या मध्ये एवढी फट का सोडतात, उन्हात लोखंड वाढतं, फट नसली तर रूळ वाकडा होतो आणि गाडी पडते. अर्धा तास ते फिशप्लेट, म्हणजे रूळ जोडणारी पट्टी, आणि बोल्टवर बोलत होते. मला आजही ते जसंच्या तसं येतं.

आणि दुसरं म्हणजे संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना. पप्पा मोठ्याने प्रार्थना करायचे आणि प्रत्येकाचं नाव घ्यायचे. "प्रभू, याला गणित जड जातंय, याचा हात धर." पप्पांना माझं गणित माहिती आहे हे मला तिथं कळायचं. ते माझ्याशी बोलायचे नाहीत पण देवाशी माझ्याबद्दल बोलायचे आणि मी डोळे मिटून ऐकायचो.

मी पण घरात तीच प्रार्थना चालू ठेवलीय. आणि त्या तीन महिन्यात मी मुलाचं नाव घेणं सोडलं होतं. तो समोर बसलेला असायचा. मी मंडळीसाठी, आजारी लोकांसाठी, सिव्हिलच्या पेशंटसाठी, सगळ्यांसाठी प्रार्थना करायचो आणि आमेन. हे लिहिताना पण हात थांबतोय.

रेल्वेच्या पासवर पुण्याला जाताना केडगाव स्टेशन आलं की पप्पा आम्हाला दारात बोलवायचे, पंडिता रमाबाईंचं गाव म्हणून. १८९६-९७ च्या दुष्काळातल्या उपाशी मुली बाईंनी गोळा करून आणल्या, मुक्ती मिशन उभं राहिलं, हे आपल्या सगळ्या ख्रिस्ती घरात माहिती आहे. मला अलीकडे त्यांच्या वडिलांबद्दल जास्त वाटतं. अनंतशास्त्री डोंगरे. ख्रिस्ती नव्हते ते, पण लोकांचा विरोध घेऊन बायकोला संस्कृत शिकवलं, त्या आईने मग रमाला शिकवलं. त्याच्या खूप आधीच्या एका दुष्काळात ते वारले, आणि जाण्याआधी लेकीला जवळ घेऊन सांगितलं की मी तुला देवाच्या हातात दिलंय. रमाबाईंनी हे स्वतः लिहून ठेवलंय, म्हणजे ते शब्द त्यांच्याजवळ आयुष्यभर राहिले. ज्या बाईने एवढ्या बेवारस पोरींना घर दिलं तिला स्वतःला जाताना बापाने दिलेली गोष्ट ही एवढीच होती, एक वाक्य.

काल पेन वाटताना अजून एक जाणवलं. आमच्या मंडळीत काही लेकरं आहेत ज्यांना बाप नाही, किंवा आहे पण नसल्यासारखा, आई विड्या वळून घर चालवते. ती लेकरं पण पेन वाटत होती, दुसऱ्यांच्या बापाला. याकोबाचं पत्र अनाथ आणि विधवांच्या संकटात त्यांचा समाचार घ्या म्हणतं. पुढच्या वर्षी त्या आयांना पुढं बोलवा आणि आम्ही पुरुष लोक त्या लेकरांच्या अभ्यासाचं, अॅडमिशनचं वाटून घेऊ, हे मी कमिटीत मांडणार आहे.

हिच्या त्या बोलण्यानंतरच्या शनिवारी मी मुलाच्या खोलीच्या दारात गेलो. माफी माग असं आतून येत होतं पण ते वाक्य काही जमलं नाही. म्हटलं, "सिव्हिलला येतोस का, कॅन जड आहेत." तो उठला, चप्पल घातली.

तिथं कर्नाटकातल्या इंडीकडचा एक म्हातारा होता, त्याची सून आत ॲडमिट, आणि त्याचा फोन चार्जच होत नव्हता, दोन दिवस घरी काही कळवलेलं नाही. कन्नडच बोलत होता. आमच्या पोराला दुकानात गिऱ्हाइकांमुळे थोडं कन्नड येतं हे मला माहितीच नव्हतं. तो खाली बसला, कोणाकडून तरी सुई मागून घेतली, फोन उजेडात धरून काहीतरी खरवडलं, फुंकर मारली, आणि चार्जरला लावला तर लागला. म्हातारा मुलाशी फोनवर बोलता बोलता रडायला लागला, आणि एका हाताने आमच्याच्या डोक्यावरनं हात फिरवत होता.

गाडीवर परत येताना सात रस्ता चौकापर्यंत आम्ही दोघं गप्प. मग मी विचारलं, "काय झालं होतं रे त्या फोनला?"

"काही नाही, पिनमध्ये खिशातला कचरा बसतो पप्पा, कापसासारखा, दाबून दाबून घट्ट होतो..." आणि तो सांगायला लागला. मी गाडी हळू केली. घर आलं तरी त्याचं संपलं नव्हतं, गाडी स्टँडला लावून आम्ही तसेच दारात उभे होतो.