पाळण्यातला कोयता : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी पुन्हा वाचली. इथल्या कॉलेजच्या मुलांनी भरवलेलं प्रदर्शन तुम्ही स्वतः जाऊन पाहिलंत आणि मग लिहिलंत, म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे. मोबाईलवरचा फोटो बघून ज्यांनी नुसत्या शिव्या घातल्या, त्यांना मी उत्तर दिलेलं नाही.

तुमचं म्हणणं असं, की तान्ह्याच्या झोळीत कोयता ठेवणं ही मातृत्वाची विटंबना आहे आणि नाट्यपंढरी म्हणवणाऱ्या सांगलीला ते शोभत नाही. शिकाऊ पोरांनी आधी हात बसवावा, शिक्षकांनी त्यांचा वेळीच कान धरावा. आणि लोक दुखावले म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी ती झोळी उतरवली गेली, यात काहीच चुकलं नाही.

जे तिथे नव्हते त्यांच्यासाठी सांगते. तीन बांबूंची तिवडी, तिला जुन्या लुगड्याची झोळी, आत दुपट्यावर आडवा ठेवलेला कोयता. वापरून वापरून मूठ गुळगुळीत झालेली, पात्यावर उसाच्या रसाचा काळा थर. खाली पुठ्ठ्यावर दोनच शब्द : ‘एक कोयता’.

सर, उसाच्या पट्ट्यात उभा जन्म काढलेल्या तुम्हाला हे मी सांगायला नको. ऊसतोडीच्या टोळीत नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि खाडा झाला की पैसे कापतो तेही कोयत्याचेच. बाईची पाळी, तिचं बाळंतपण, तिचं अंगावर काढलेलं दुखणं सगळं खाड्यात जमा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या तेव्हा २०१९ मध्ये सरकारने समिती नेमली. सुमारे ८२ हजार बायकांची पाहणी झाली, त्यांत १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. बीडच्या टोळ्या दर हंगामात आपल्याकडेही येतात. बांधाच्या कडेला त्यांच्या झोळ्या आपण जाता-येता बघतो. ज्या मुलीने ही झोळी मांडली, तिने ती काही कल्पनेतून आणलेली नव्हती.

आणि बाळाजवळ कोयता नको म्हणता, तर पाचवीची पूजा आठवून बघा. माझ्या धाकट्या भावाच्या पाचवीला आजीने पाटा-वरवंटा मांडून शेजारी कोयता ठेवला होता, हळदी-कुंकू वाहिलेला. त्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी लिहून जाते, असं ती सांगायची. त्या झोळीपुढे उभी राहिले तेव्हा मला आधी आजीचा पाट दिसला. टोळीतल्या बाळाच्या कपाळी काय लिहिलंय ते कोयता बघूनच कळतं, एवढंच ती मुलगी म्हणत होती. विटंबना असलीच तर ती फडात रोज चालते. तिने ती शहरात आणून टांगली, म्हणून ती आपल्या डोळ्यांवर आली.

हात बसवण्याबद्दल मात्र तुमचं खरं आहे. निम्मी चित्रं कच्ची होती, दोन-तीन तर सरळ कुठूनतरी उचललेली. आणि तुम्ही काढली नाहीत ती चूक मीच काढते : टोळीतल्या एकाही बाईला या मुलांनी ते बघायला बोलावलं नव्हतं. हे मी त्यांना तोंडावर बोलले. मुलगी रडली, पण तिला ते पटलं.

शिक्षकांनी कान धरण्याबद्दल बडोद्याची गोष्ट सांगते. २००७ च्या मे महिन्यात तिथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात परीक्षेसाठी मांडलेल्या कामांवरून बाहेरची माणसं आत घुसली आणि ज्याची ती कामं होती त्या विद्यार्थ्यालाच अटक झाली. निषेध म्हणून मुलांनी कलेतिहास विभागाच्या संग्रहातून चित्रं-शिल्पांच्या प्रतिकृती काढून प्रदर्शन लावलं. आपल्याच परंपरेतला शृंगार होता तो. ते बंद करा म्हणून वरून सांगितलं गेलं. ललित कला विद्याशाखेचे प्रभारी अधिष्ठाता शिवाजी पणिक्कर यांनी नकार दिला, तर त्यांनाच निलंबित केलं. त्या विद्यार्थ्याचा निकाल वर्षानुवर्षं रखडला. २०१८ मध्ये कुलगुरूंच्या कार्यालयात आग लावल्याबद्दल त्याला पुन्हा अटक झाली. आग लावण्याचं समर्थन मी करणार नाही. पण ११ वर्षांत त्या मुलाचं काय होऊन बसलं, याचा विचार मला अजून सोडत नाही. आपल्याकडच्या सरांनी कान धरला नाही, मुलांना मांडू दिलं, त्याचा मला अभिमान वाटतो.

आता उतरवण्याचं. खरं भांडण माझं तिथेच आहे. तुम्ही दुखावलात हे मला मान्य आहे. ते दुखणं खोटं आहे असं मी म्हणत नाही, झोळी बघून कुणाला काहीच वाटलं नसतं तर ती लावून उपयोग तरी काय होता? दाराशी टेबलावर अभिप्रायाची वही होती, सुतळीने पेन बांधलेली. पहिल्या दिवशीच अकरा पानं भरली. एकाने ‘लाज वाटली पाहिजे’ लिहिलं. त्याखाली दुसऱ्या अक्षरात, ‘कुणाला?’ एका बाईंनी पानभर लिहिलंय, की नातवाला घेऊन आले होते आणि त्याने विचारलं बाळ कुठंय, मला उत्तर देता येईना. माझ्या मते प्रदर्शनातली सगळ्यात मोलाची वस्तू ती वही आहे. दुसऱ्या दिवशी झोळी उतरली आणि लिहिणंही थांबलं. ज्यांना राग आला त्यांना लिहायला समोर काही उरलं नाही, आणि ज्यांना रागावलेल्यांशी बोलायचं होतं त्यांनाही नाही.

उतरवली तेव्हा मी तिथेच होते. कॉलेजच्या शिपाईमामांना कात्री दिली होती. त्यांनी ती खिशात ठेवली, गाठी नखांनी सोडवल्या, लुगड्याची नीट चौकोनी घडी घातली आणि कोयता दुपट्यात गुंडाळून मुलीच्या हातात दिला. एक शब्द बोलले नाहीत.

झोळी फेब्रुवारीत पुन्हा लागणार आहे, मुलांना एका ओळखीच्या घराची पडवी मिळाली आहे. या वेळी टोळीच्या खोपटांवर जाऊन बोलावणं करायचं ठरलंय. तीच वही तिथे ठेवणार आहेत. तुमची प्रतिक्रिया त्यात शब्दशः उतरवून घेऊ का, असं मुलांनी मला विचारलंय. तुमची परवानगी असेल तर कळवा. आणि स्वतःच्या हाताने लिहायची असेल तर त्याहून बरं, बाराव्या पानावर जागा आहे.