टॉवेलच्या गावचे कुरळे केस

आमच्या घरच्या ग्रुपवर गेले दहा दिवस रण पेटलंय आणि विषय एकच, माझ्या भाचीचे केस. दादाची मुलगी, वय चोवीस, पुण्यात नोकरीला. बारावी झाल्यापासून दर आठ-दहा महिन्यांनी रिबॉन्डिंग, म्हणजे औषधाने केस सरळ, करून घ्यायची. गेल्या जूनपासून तिने ते थांबवलं. आता मुळाशी कुरळे आणि त्याखाली सरळसोट काड्या असं दुमजली डोकं घेऊन ती गड्ड्याच्या जत्रेला सोलापूरला आली, आणि नेमकं त्याच आठवड्यात एक स्थळ सांगून आलं.

वहिनीचं म्हणणं, "लग्नापर्यंत एकदा करून घे, मग काय ते नैसर्गिक-बिसर्गिक कर." दादाचं म्हणणं, देवानं दिलंय ते ठेवावं, तेल-शिकेकाई लावावी, आपल्या आज्यांनी कुठे रिबॉन्डिंग केलं होतं? एका चुलतभावाने अमेरिकेतल्या केसांच्या कायद्याची बातमी टाकून खाली लिहिलं, आपल्याकडेही असाच कायदा पाहिजे. एका मावशींनी 'केस सरळ केल्याने कॅन्सर' असा लाल अक्षरांतला फॉरवर्ड टाकला. मग सगळ्यांनी मिळून मला पुढे केलं. ताई, तू तिकडे आहेस, तू सांग.

तिकडे म्हणजे न्यू जर्सी. चौदा वर्षं झाली. ग्रुपवर लिहिलं की दोन ओळींनंतर कुणीतरी गणपतीचा फोटो टाकतं, म्हणून इथे लिहिते.

माझं पहिलं रिबॉन्डिंग २०१० सालचं, सोलापुरातलं, बघायच्या कार्यक्रमाच्या बरोबर आठ दिवस आधीचं. त्याआधी शाळेत रोज सकाळी आई ओल्या केसांवर खोबरेल थापून दोन वेण्या घट्ट ओढायची, इतक्या घट्ट की भुवया वर जायच्या. तरी दुपारपर्यंत कपाळाभोवती बारीक स्प्रिंगा उभ्या राहायच्या आणि बाई म्हणायच्या, "झिपऱ्या आवर." पार्लरमध्ये सहा तास बसले. क्रीमचा वास सडक्या अंड्यांसारखा. दर दहा मिनिटांनी ती बाई एक केस बोटाला गुंडाळून ताणून बघायची, मऊ पडलाय का. मग धुणं, वाळवणं, बट बट घेऊन तापलेल्या इस्त्रीखाली दाबणं, शेवटी दुसरं औषध. घरी जाताना ताकीद मिळाली की तीन दिवस डोकं धुवायचं नाही, बांधायचं नाही, क्लिप नाही, केस कानामागेसुद्धा सारायचे नाहीत. तीन रात्री मी फळीसारखी उताणी झोपले. चौथ्या दिवशी आरशात शेजारच्या वाड्यातली कुणीतरी मुलगी उभी होती आणि ती मला फार आवडली, हे कबूल करायला हवं.

नवऱ्याला माझे खरे केस लग्नानंतर सात-आठ महिन्यांनी दिसले. म्हणाला, "पावसात भिजलीस काय?"

केसाचा आकार ठरतो तो त्वचेखाली. कुरळ्या केसाचं मूळ गोल नसतं, चपटं असतं. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो आणि त्या प्रथिनाच्या साखळ्यांना गंधकाचे पूल धरून ठेवतात. आपल्याकडच्या रिबॉन्डिंगच्या क्रीममध्ये बहुधा अमोनियम थायोग्लायकोलेट असतं. ते पूल तोडतं, इस्त्री केसाला सरळ धरते आणि दुसरं औषध, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड, त्या सरळ स्थितीत पूल पुन्हा बांधतं. अमेरिकेतल्या काळ्या बायका ज्याला रिलॅक्सर म्हणतात ते निराळं. त्यात सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपला कॉस्टिक सोडा, नाहीतर त्याच जातीचं दुसरं काही असतं. ही दोन रसायनं एकमेकांची वैरी आहेत. एकावर दुसरं लावलं की केस तुटून हातात येतात. आणि झालेला सरळपणा कुठल्याच तेलाने परत वळत नाही. नवा केस उगवू द्यायचा आणि जुना कापत जायचं, एवढाच रस्ता. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे भाचीच्या सात महिन्यांचे झाले साडेतीन इंच. पण ते ताणून मोजले तर. सोडले की दीड.

माझ्या ऑफिसातल्या एका काळ्या सहकारी बाईने मला हे सगळं शिकवलं. तिच्या डोक्याला आठव्या वर्षी पहिला रिलॅक्सर लागला, आईनेच लावला, स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवून. जळायला लागलं की सांगायचं, मग धुवायचं. पण पोरी थोडं सोसून घ्यायच्या, कारण जितका वेळ जास्त तितके केस सरळ. चाळिशीत तिने एका दुपारी सगळे सरळ केस कापून टाकले आणि बोटभर केसांनी ऑफिसला आली. याला त्या बिग चॉप म्हणतात. माझी छाती नव्हती. मी हळूहळू वाढवत गेले.

माझ्या थांबण्यामागे तत्त्व वगैरे काही नव्हतं. २०१९ मध्ये मला दिवस गेले आणि त्या वासाने मळमळायला लागलं. पुढे २०२० आलं, दारं बंद झाली. दोन वर्षं मला बघायला होतं कोण? नवरा, एक तान्हं बाळ आणि कंबरेच्या वरचंच दाखवणारा कॅमेरा, तोही मी बंद ठेवायचे. हिवाळ्यात चार महिने डोक्यावर लोकरीची टोपी. सगळ्यात वाईट काळ तो असतो जेव्हा वरचा भाग कुरळा आणि खालचा सरळ असतो. दोन्ही जिथे मिळतात तिथे केस अतिशय नाजूक असतो, फणी तिथेच अडकते आणि केस तिथेच तुटतो. हे मी बाबांना फोनवर सांगितलं. ते आयुष्यभर टॉवेलच्या कारखान्यात होते, त्यांना लगेच कळलं. "धागा जोडापाशीच तुटतो," म्हणाले.

पण बाबांना एक गोष्ट पटली नाही. कुरळे केस टॉवेलने पुसायचे नाहीत. टेरी टॉवेलावर जे बारीक बारीक वेढे असतात, ज्यामुळे तो पाणी पितो, त्यातच बट अडकते, घासली जाते आणि केस पिंजारतो. जुना सुती टी-शर्ट घ्यायचा आणि त्यात केस नुसते दाबायचे. व्हिडिओ कॉलवर मी डोक्याला टी-शर्ट गुंडाळलेला पाहून आई म्हणाली, "तू हे काय केलीस गं डोक्याला?" बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मग आम्ही तीस वर्षं काय विकलो म्हणायचं?" सोलापूरच्या चादरीबरोबर टॉवेललाही जीआय, म्हणजे भौगोलिक ओळखीचं, मानांकन आहे, आणि त्या गावची लेक परदेशात जाऊन टॉवेल नको म्हणते.

आता ग्रुपवरच्या मुद्द्यांकडे येते. आधी कॅन्सर. फॉरवर्ड हवेतला नाही, पण अर्धा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा अभ्यास ऑक्टोबर २०२२ मध्ये आला. ३३,४९७ बायकांची सुमारे अकरा वर्षं नोंद ठेवलेली. केस सरळ करणारी उत्पादनं कधीच न वापरलेल्यांमध्ये सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कॅन्सर होण्याचं प्रमाण १.६४ टक्के, आणि वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांमध्ये ४.०५ टक्के. घाबरण्यासारखं आहे, पण नीट वाचावं लागतं. ब्रँड कोणता, घटक कोणते, हे त्यात विचारलेलं नव्हतं, आणि संबंध दिसणं म्हणजे कारण सापडणं नव्हे. भाची वर्षातून दीड वेळा थायोग्लायकोलेटचं क्रीम लावायची. ते आकडे उचलून तिच्या डोक्यावर ठेवता येत नाहीत. मला जास्त काळजी 'केराटिन ट्रीटमेंट' नावाने जे चालतं त्याची वाटते. त्यातल्या काही उत्पादनांतून तापवल्यावर फॉर्मल्डिहाइड निघतं आणि ते कर्करोगकारक असल्याचं ठरलेलं आहे. डोळे झोंबले तर उठून यावं. तिथे बिल भरलंय म्हणून बसून राहू नये.

मग कायदा. केसांच्या ठेवणीवरून कुणाला नोकरीत, शाळेत डावलायचं नाही असं सांगणारा क्राउन ॲक्ट पहिला कॅलिफोर्नियात झाला, २०१९ मध्ये. त्याच वर्षी डिसेंबरात आमच्या न्यू जर्सीतही. त्यामागची गोष्ट कुस्तीची आहे, सोलापूरकरांना सांगायलाच हवी. डिसेंबर २०१८ मध्ये इथल्या एका शाळकरी पैलवानाला, काळ्या मुलाला, लढतीआधी पंचाने सांगितलं की ही जटांची केशरचना काप, नाहीतर लढत सोड. मॅटच्या कडेला, सगळ्यांदेखत, कात्रीने त्याचे केस कापले. तो लढला आणि जिंकला. पण त्याचा चेहरा सगळ्या देशाने पाहिला, आणि बरोबर वर्षाने कायद्यावर सही झाली. देशभरासाठीचं विधेयक मात्र २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर होऊन सिनेटमध्ये अडकलं. इथल्या काळ्या बायकांना, मुलांना केसांवरून नोकरी नाकारली गेलीय, वर्गाबाहेर काढलं गेलंय. त्यांच्यासाठी 'नैसर्गिक' हा शब्द भांडून मिळवलेला आहे. आपण तो शाम्पूच्या बाटलीवरून उचलला.

चुलतभावाला माझा प्रश्न आहे. हा कायदा आमच्या दिवाणखान्यात कसा पोचणार? तिथे पोहे खाता खाता मुलाची आई "केस जरा मोकळे सोड बघू" म्हणते. तिला कोणतं कलम लावणार? शाळेच्या दोन वेण्यांच्या नियमाबद्दल मात्र माझं मन दोन्हीकडे जातं. नियम सगळ्यांना सारखा होता हे खरं. ओढ सारखी नव्हती हेही खरं.

आणि दादा. दादाला स्वतःला डोक्यावर फारसं काही उरलेलं नाही, त्यामुळे नैसर्गिक राहणं त्याला सोपं आहे. पण 'देवानं दिलंय ते ठेवावं' हे वाक्य आमच्या भागात उच्चारताना मला आमच्या गल्लीतल्या विड्या वळणाऱ्या मावशी आठवतात. त्यांच्या डोक्यात जट होती. मानेच्या डाव्या बाजूला दोरखंडासारखी लोंबायची, तिला हळद-कुंकू लावलेलं असायचं. त्या सुपात विड्या वळताना मान एका बाजूला कलती ठेवायच्या, कारण वजन पेलायचं नाही. जट म्हणजे यल्लम्मा आली, कापली तर देवी कोपेल. याच समजुतीपायी यल्लम्माच्या सौंदत्तीला किती मुली देवीला सोडल्या गेल्या, हे सीमेवरच्या आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव बसून, घरच्यांची समजूत काढून, कात्रीने जटा सोडवत आले. त्या मावशींची जटसुद्धा अशीच गेली. नंतर कित्येक दिवस त्या मान सरळ ठेवायला विसरायच्या.

म्हणूनच न्यू जर्सीत पहिल्यांदा एका सहकाऱ्याच्या डोक्यावर लांब जटा पाहिल्या तेव्हा मला दया आली. दया! तो माणूस महिन्याला पैसे मोजून त्या जटा नीट वळवून घेत होता, धूत होता, त्यांचा त्याला अभिमान होता. आणि माझ्या मनात, बिचारा, कुणी सोडवत कसं नाही? तिकडे कात्री म्हणजे अपमान, इकडे कात्री म्हणजे सुटका. तेव्हापासून 'नैसर्गिक केस चांगले' असं सरसकट बोलताना माझी जीभ अडखळते. मला एवढंच विचारावंसं वाटतं की ज्याचं डोकं आहे त्याला कुणी विचारलं का. भाचीला अजून ग्रुपवर कुणी विचारलेलं नाही. ती ग्रुपमध्ये आहे, वाचते, गप्प आहे.

आणि माझा सल्ला का घेऊ नये, तेही सांगते. कुरळ्या केसांना पाणी लागतं. भरपूर कंडिशनर लावून, केस ओलेच असताना बोटांनी गुंता सोडवायचा, मग सावकाश धुवायचं. इथे मी नळ सोडून वीस मिनिटं उभी राहते. आमच्या जुळे सोलापुरातल्या घरी, उजनी धरण भरलेलं असलं तरी नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांनी, मधल्या दिवसांत बोअरचं जड पाणी, त्याने केस आणखी राठ. भाची पाणी यायच्या दिवशी केस धुते आणि वहिनी बाहेरून विचारते, झालं का गं, टाकी भरायचीय. सरळ केस तीन तांब्यांत होतात. मी केस वाढवले तेव्हा मला बघायला कुणी येणार नव्हतं, पाणी मोजणारं कुणी नव्हतं. तिला दोन्ही आहे. इथून 'कर गं बिनधास्त' म्हणणं फार स्वस्त आहे.

वहिनी, तुमची भीती खोटी नाही. माझ्या वेळी आईलाही तीच होती. पण सात-आठ महिन्यांनी मूळ दिसतंच. स्थळाला आत्ताच दुमजली डोकं दिसलं तर निदान पुढे 'पावसात भिजलीस काय' विचारायला नको. आणि पोरीला स्वतःलाच कंटाळा आला आणि तिने पुन्हा सरळ करून घेतले, तरी दादा, तिला संस्कृतीचं व्याख्यान देऊ नकोस.

काल रात्री भाचीचा वेगळा फोन आला, ग्रुपच्या बाहेर. स्थळाचं काही बोलली नाही. "आत्या, जवसाचं जेल करतात ना, किती उकळायचं गं?" इथे ते जवस आरोग्याच्या दुकानात छोट्या पुडीत मिळतं. मी सांगितलं, पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, ढवळत राहा, आठ-दहा मिनिटांत अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटते. लगेच गाळ, गरम असतानाच. थांबलीस तर घट्ट होतं, मग फडक्यातून उतरत नाही. डबा उघडल्याचा आवाज आला आणि मागून वहिनीचा.

"सगळं ओतू नकोस गं, चटणीपुरतं ठेव."