टेलोमिअर लांबवले म्हणून वय मागे जात नाही

"टेलोमिअर म्हणजे शरीराचं घड्याळ. रक्त तपासा, खरं वय कळेल. गोळ्या घेऊन ते लांबवा, म्हातारपण मागे फिरेल." हा मजकूर खूप फिरतोय. त्यातला एकेक दावा तपासू.

घड्याळाच्या दाव्यात थोडं तथ्य आहे. टेलोमिअर म्हणजे गुणसूत्रांच्या टोकांवरचे डीएनएचे पट्टे. पेशीच्या दर विभाजनात ते साधारण 50 ते 100 बेसजोड्यांनी (डीएनएच्या साखळीतल्या दुव्यांनी) घटतात. माणसाच्या फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीतल्या) पेशी काचपात्रात 40 ते 60 वेळा विभागून थांबतात, हे हेफ्लिक आणि मूरहेड यांनी 1961 मध्ये दाखवलं. 1998 मध्ये अशा पेशींत टेलोमरेज हे टेलोमिअर लांबवणारं विकर (एन्झाइम) सुरू केलं, तर त्या विभागतच राहिल्या. पण मेंदूतल्या बहुतेक चेतापेशी विभागतच नाहीत, हृदयाच्या स्नायुपेशी क्वचितच. तरी दोन्ही अवयव म्हातारे होतात, कारण पेशींना ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया बिघडतात आणि खराब प्रथिनं साचत जातात. प्रयोगशाळेतल्या उंदराचे टेलोमिअर तर आपल्यापेक्षा कितीतरी लांब असतात, आणि तो जगतो दोन-तीन वर्षं.

"रक्त तपासा, खरं वय कळेल." इथे जरा आकडेमोड करू. प्रचलित पीसीआर तपासणी (डीएनएच्या प्रती वाढवून मोजणारी) रक्तातल्या पांढऱ्या पेशींतल्या टेलोमिअरचा संकेत एका ठरावीक जनुकाच्या संकेताशी ताडून सरासरी काढते. प्रौढपणी ही सरासरी वर्षाला 20 ते 30 बेसजोड्यांनी घटते. लांबी 6000 धरली, तर घट अर्धा टक्का किंवा त्याहून कमी. तोच नमुना पुन्हा तपासला तर मात्र चांगल्या प्रयोगशाळेतही 5 टक्के फरक पडू शकतो. म्हणजे दहा वर्षांचं वय निव्वळ मोजमापाच्या चुकीत इकडेतिकडे. डीएनए वेगळा काढण्याची पद्धत बदलली की आकडा आणखी हलतो. संसर्गानंतर आखूड टेलोमिअरच्या स्मृती-टी पेशींचं (जुना संसर्ग लक्षात ठेवणाऱ्या पांढऱ्या पेशींचं) प्रमाण वाढलं, तर एकाही पेशीत बदल न होता सरासरी उतरते. शिवाय पेशी थांबते ती सर्वांत आखूड झालेल्या मोजक्या टोकांमुळे, आणि सरासरीत नेमकी तीच लपतात.

"अंतराळवीर तरुण होऊन परतला" असंही सांगितलं जातं. अमेरिकी अंतराळवीर स्कॉट केली अंतराळात असताना त्याचे टेलोमिअर लांबलेले दिसले खरे. उतरल्यावर दोन दिवसांतच ते आखडले, आणि फार आखूड टोकं आधीपेक्षा वाढली.

राहिल्या गोळ्या, आणि मला सगळ्यांत जास्त काळजी त्यांचीच वाटते. टेलोमिअर लांबवायचे म्हणजे टेलोमरेज चालू करायचं, आणि शरीरातल्या बहुतेक पेशींत ते बंद असतं. सुमारे 85 ते 90 टक्के कर्करोगांत ते पुन्हा चालू झालेलं सापडतं. जन्मतः लांब टेलोमिअरची जनुकं असलेल्यांत हृदयविकाराचा धोका कमी, पण अनेक कर्करोगांचा जास्त आढळतो.

लांबी मोजण्याला खरा अर्थ वेगळ्याच ठिकाणी आहे. अस्थिमज्जा निकामी होत असेल किंवा घराण्यात फुप्फुसांचा फायब्रोसिस (फुप्फुसं कडक होत जाण्याचा आजार) असेल, तर फ्लो-फिश पद्धतीने (टेलोमिअरना चमकणारी खूण लावून) लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींमधली लांबी मोजतात. ती वयाच्या मानाने फारच कमी निघाली तर जनुकतपासणी करतात. अस्थिमज्जा प्रत्यारोपण करायचं झाल्यास त्याआधी द्यायची औषधं सौम्य ठेवतात, आणि दाता नात्यातला असेल तर त्याचीही हीच तपासणी करून घेतात.